मधाचं बोट

नातीच्या पहिल्या वाढदिवसाच्या केकवर गाय काढायचं ठरलं होतं, झाली म्हैस. फोटोत मान तिरकी करून पाहिलं तर रेडकूही म्हणता येईल. गाय मात्र कुठल्याच बाजूने नाही.

गायच का, तर ठमीला त्या वेळी एकच शब्द येत होता, हम्मा. (ठमी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाळण्यातलं नाव छान आहे, तिच्या आईने चार महिने खपून शोधलेलं. पण माझ्या तोंडात ठमीच बसलंय.) आमच्या मंगळवार पेठेत एक गाय रोज सकाळी दारावरून जाते आणि पोळीसाठी थांबते, तिच्यामुळे हा शब्द आला. मग कुत्रा हम्मा, रिक्षा हम्मा, खिडकीतून दिसणारा अजिंक्यतारा तोही हम्मा. आजोबा आंघोळ करून उघड्या अंगाने बाहेर आले की हम्मा. ते यावर अजून रुसलेले आहेत.

केक खरं तर बाहेरून मागवायचा होता. साताऱ्यात आता गल्लोगल्ली घरी केक करून देणाऱ्या मुली आहेत, आणि फार सुरेख करतात. फोंडंटची बाहुली अशी, की सुरी लावायला जीव होऊ नये. सुनेने मोबाईलवर मला दहा-बारा नमुने दाखवले. जंगल, ढग, इंद्रधनुष्य, एका केकवर तर बाळाची अख्खी खोली, पाळण्यासकट. मी म्हटलं, "अगं, आपण घरीच करू की." ती जरा थांबली. मग अगदी सांभाळून म्हणाली, "आई, तुम्हाला येतो?"

झालं. आता माघार नव्हती.

१९९३ साली मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचा केक मी वाळूवर भाजला होता. ओव्हन होता कुणाकडे? पेठेत एका घरी झाकणाला काच असलेला तो गोल ओव्हन होता, पण तो मागायला जायचं म्हणजे त्या बाईंच्या मुंबईच्या भावाची हकिगत तासभर ऐकून घ्यायची. दिवाळीत नानकटाईचं पीठ घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायची पद्धत होती, तशी केकचा डबा घेऊन गेले असते, पण त्या डब्याची काळजी भट्टीवरचा माणूस कशाला करेल? म्हणून संगम माहुलीहून, जिथे वेण्णा कृष्णेला मिळते तिथून, पिशवीभर वाळू आणवली. ती चाळली, धुतली, गच्चीत वाळवली. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू, वाळूवर ॲल्युमिनियमचा डबा, वर घट्ट झाकण आणि झाकणावर खलबत्त्याचा बत्ता. कृती कंडेन्स्ड मिल्कच्या डब्याच्या वेष्टनावर छापलेली, बिनअंड्याची. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती.

आयसिंग म्हणजे घरचं लोणी आणि पिठीसाखर. गुलाबी रंग बिटाचा. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, तिचा कोपरा कातरून कोन केला. खाली ताट उपडं घालून त्याला चंदेरी कागद लावला. आगगाडी काढली, चाकं जेम्सच्या गोळ्यांची. ती आगगाडी आहे हे न सांगता सगळ्यांना ओळखू आलं, हे मी तीस वर्षांनंतरही मुद्दाम लिहून ठेवतेय.

सासूबाईंनी केकचा तुकडा तोंडात टाकला, चांगला झालाय म्हणाल्या, पण त्याआधी माझ्या हातातली मेणबत्तीची पुडी त्यांनी काढून घेतली होती. "वाढत्या लेकराचा दिवा फुंकायचा?" एवढंच वाक्य. मग निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. पाच जणींनी ओवाळलं आणि नंतर केक कापला. मला तेव्हा भयंकर राग आला होता. आज माझ्या घरी हीच पद्धत आहे. सुनेला राग येतो का, हे मी विचारलेलं नाही.

तर केक घरी करायचा ठरला आणि लगेच एकाचे दोन झाले. बाळांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, दोन वर्षांपर्यंत वरून घातलेली साखर न दिलेलीच बरी. म्हणजे मोठा केक पाहुण्यांचा आणि छोटा ठमीचा. छोट्यात पिकलेलं केळं, बारीक रवा, भिजवून वाटलेला खजूर, दही, थोडं तूप आणि चिमूटभर सोडा. वर क्रीमऐवजी चक्का. रात्री फडक्यात दही बांधून नळाला टांगलं की सकाळी तयार. हे म्हणाले, "जिचा वाढदिवस तिलाच खोटा केक?" मी त्यांना तो केक चाखायला दिला. अर्धा संपवला, म्हणून सुनेला पुन्हा एकदा करावा लागला.

ठमीचा एक वाढदिवस मात्र त्याआधीच होऊन गेला होता, तिथीचा. पोरगी जन्मली वीस जानेवारीला, पौषात. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून पुढच्या वर्षी तीच तिथी तारखेच्या अकरा दिवस आधी येते. मध्ये अधिक महिना आला असता तर उलट पुढे गेली असती. तो दिवस ह्यांचा. वाढदिवसाला मार्कंडेयाचं आणि सात चिरंजीवांचं स्मरण करायचं, अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य, परशुराम, आणि तीळगूळ घातलेलं अर्धी ओंजळ दूध प्यायचं, आयुष्य वाढावं म्हणून. यांना तो श्लोक तोंडपाठ आहे, "सतिलं गुडसंमिश्रं" पासून शेवटपर्यंत. मृत्यूच्या दारातून परत आलेल्या पोराकडे आपल्या पोरासाठी वर मागायचा, ही कल्पना मला फार आवडते. केक, फुगे यांच्या कितीतरी आधी कुणाला तरी लेकराच्या वाढदिवसाची धाकधूक वाटली होती, असं तो श्लोक ऐकताना वाटतं. ठमीला चमच्याच्या टोकाएवढं दूध लावलं. सुनेने गुळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही.

पाच दिवसांनी संक्रांत, तेव्हा बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने, चुरमुरे, बोरं, उसाचे करवे. त्यावर फार लिहीत नाही. पोरीने हलव्याचा मुकुट दोन मिनिटांत चाटून काढला, आणि तिच्या आईचं वर्षभराचं साखरेचं व्रत तिथेच मोडलं.

पण मला सांगायचंय ते मधाचं.

ठमी व्हायच्या आधी, नोव्हेंबरात, आम्ही दोघं महाबळेश्वराकडे गेलो होतो. यांना मांघर पाहायचं होतं. महाबळेश्वर तालुक्यातलं हे छोटं गाव २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. घराघराच्या परसात मधपेट्या आणि त्यांत सातेरी माश्या. तिथून जांभळाच्या मधाची एक बाटली घेतली. गडद, किंचित तुरट, घशाला धरणारा मध. घेताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आमच्याकडे बाळ जन्मलं की पहिल्या तासात सोन्याची अंगठी मधात बुडवून त्याच्या जिभेला लावायची. माझ्या मुलाला सासूबाईंनी त्यांच्या बोटातल्या अंगठीने चाटवलं होतं. ती अंगठी त्यांनी जाताना मला दिली. आता पाळी माझी.

वीस जानेवारीला पहाटे अंगठी रुमालात आणि बाटली पर्समध्ये, अशी मी दवाखान्यात बसले होते. सिस्टरने बाटली पाहिली आणि मला सगळ्यांसमोर झापलं. पहिलं जे काही द्यायचं ते आईचं दूध, आणि मध तर वर्षभर नाही, काय समजलात? माझं वय साठ. इतकी वर्षं शाळेच्या कार्यालयात बसून मी पालकांना नियम सांगितले, आणि त्या दिवशी माझ्या मुलाने माझ्या हातातून बाटली घेऊन गाडीत नेऊन ठेवली. आपण 'मधाचं बोट लावलं' म्हणतो ते कुणाला गोड आशा दाखवून फसवलं की. त्या दिवशी बोट माझंच होतं आणि फसलेही मीच.

कारण नंतर कळलं, बाळांच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं म्हणून. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मध कितीही शुद्ध असला तरी. भेसळीशी त्याचा संबंध नाही. तुमच्या-माझ्या आतड्यात ते रुजत नाहीत, तसेच निघून जातात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र रुजू शकतात आणि तिथे विष तयार करतात. आधी बद्धकोष्ठ, मग बाळाचा चोखायचा जोर कमी होतो, मान लुळी पडते. घडतं क्वचितच, पण घडतं. आणि साधं उकळून ते बीजाणू मरत नाहीत. मी विचारलं, "मग आमच्या पोरांना कसं काही झालं नाही?" डॉक्टर म्हणाले, "बहुतेकांना होत नाही, आजी. ज्याला होतं त्याच्या आईला मात्र हे सांगता येत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. राग होता, पण उत्तर नव्हतं.

बाटली घरी आली. सुनेने तिच्यावर चिठ्ठी चिकटवली, 'ठमी, २० जानेवारीनंतर', आणि ती देवघराशेजारच्या कपाटात ठेवली. तिने ठमी लिहिलं, पाळण्यातलं नाव नाही, हे मी तेव्हाच पाहिलं होतं. त्याचा अर्थ मी लावला नाही. आपण रुसलेलो असलो की असे अर्थ लावत नाही.

आषाढात एका रात्री ठमीला खोकला झाला. सहा महिन्यांची होती. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत, पोरांना सर्दी धरतेच. डॉक्टरांनी तपासलं होतं, घाबरायचं कारण नाही म्हणाले होते, नाकात थेंब दिले होते. पण रात्री दोन वाजता घाबरायचं कारण नाही हे वाक्य कामाला येत नाही. सून दोन रात्रींची जागी, बसल्या बसल्या भिंतीला टेकून झोपलेली. मुलगा कंपनीच्या कामाला बाहेरगावी. ठमी माझ्या खांद्यावर, आणि तिच्या छातीतली ती घरघर माझ्या गळ्याशी लागत होती. मी स्वयंपाकघरात गेले. एका हाताने आलं किसलं, पिळून वाटीत रस काढला. आल्याचा रस आणि मध. माझ्या आईने मला दिलाय, मी मुलाला दिलाय. हात आपोआप कपाटाकडे गेला. बाटली काढून ओट्यावर ठेवली.

किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं. मला त्या क्षणी खात्रीने वाटत होतं की एका बोटाने हिला बरं वाटेल. आणि मला डॉक्टरांची ती मान लुळी पडलेली बाळंही दिसत होती. मला कुणी अडवत नव्हतं, हे त्यातलं सगळ्यांत वाईट. कुणी जागं असतं तर मी भांडले असते. भांडायला कुणी नव्हतं म्हणून बाटली परत ठेवून दिली. आल्याचा रस गरम पाण्यात घालून मीच प्यायले, आणि सकाळपर्यंत पोरीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या. दोन दिवसांनी खोकला आपला आपण गेला. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

तर आता केक.

वाढदिवसाच्या सकाळी सुनेने मोठा स्पंज ओव्हनमध्ये ठेवला, १८० अंशांवर पस्तीस मिनिटं, आणि ठमीला आंघोळ घालायला गेली. जाताना बजावून गेली, "आई, दार उघडू नका." पंधराव्या मिनिटाला मी उघडलं. वास इतका छान सुटला होता! पण जानेवारीतली साताऱ्याची थंडी, गार हवा आत शिरली आणि मधला भाग, जो अजून नुसता फुगला होता, धरला नव्हता, तो माझ्या डोळ्यांदेखत बसला. मध्ये चांगला वाटीएवढा खड्डा. सून आली, तिने खड्ड्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाटली वर्षभर धरवली तुम्हाला, आणि ओव्हन पंधरा मिनिटं नाही?"

हे ती हसत म्हणाली. मला ते वाक्य दिवसभर पुरलं.

क्रीमचा घोळही माझाच. विकतची क्रीम कशाला, घरची साय आहे की, म्हणून मी फेटायला घेतली. साय फेटली की लोणी निघतं हे मला चाळीस वर्षं ठाऊक आहे, तरी व्हिडिओतल्या बाईवर विश्वास ठेवला. लोणी निघालं. संध्याकाळी त्याचं तूप केलं, वाया काही गेलं नाही. मग सुनेने डब्यातली क्रीम काढली. ती बहुतेक वनस्पती तुपासारख्याच वस्तूची असते, पण गार भांड्यात आधी हळू, मग जोरात फेटली की तिपटीने फुलते आणि टोकं उभी राहतात. दिसायला ढग, जिभेला मात्र मागे तेलकट पापुद्रा. हे माझं मत, घरात एकटीचंच.

खड्डा स्ट्रॉबेरीने भरला. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी त्या दिवसांत भाजीवाल्याकडेही मिळते. चिरून आधी साखर लावून ठेवली तर तिला पाणी सुटतं आणि स्पंजचा लगदा होतो, म्हणून कोरड्या फडक्याने टिपून आयत्या वेळी घातली. वरून पांढरीशुभ्र क्रीम सुनेने सुरीने अशी गुळगुळीत केली की मी गप्पच बसले. त्यावर चॉकलेटचे ठिपके द्यायचे, म्हणजे झाली ठिपक्यांची गाय. इथे चूक तिची. चॉकलेट आणि क्रीम एकत्र वितळवून केलेलं ते गनाश निवायच्या आत तिने ओतलं. कोमट होतं. खालची क्रीम विरघळली, ठिपके पसरले, एकमेकांत मिसळले, आणि बघता बघता अख्खं तोंड काळंकुळकुळीत.

दोघी बघत राहिलो. मग मी फडताळातून कंदी पेढ्यांचा पुडा काढला. सातारच्या घरात तो असतोच. पेढे हाताने मळून लांबट केले, वाकवले आणि डोक्यावर दोन्हीकडे मागे वळवून बसवले. शिंगं. नाकपुड्यांना दोन मनुका, कानांना अर्धी अर्धी स्ट्रॉबेरी, डोळ्यांना क्रीमचा ठिपका. सून म्हणाली, "आई, ही म्हैस आहे." मी म्हटलं, "असू दे. ज्या गावचा पेढा म्हशीच्या दुधावर चालतो, त्या गावात म्हशीचा वाढदिवस कुणी केला नाही तो आपण करू."

संध्याकाळचं थोडक्यात. पाहुणे सात वाजता आले, उत्सवमूर्ती सव्वासहाला झोपली. उठवली तेव्हा ती इतकी रडली की ओवाळताना निरांजन माझ्या हातात हललं. मेणबत्ती नव्हतीच. बापाने तिचा हात धरून सुरी फिरवली, म्हशीचं एक शिंग पडलं, ते शेजारच्या मुलाने उचलून खाल्लं. आणलेल्यांपैकी चार खेळणी एकसारखीच निघाली. छोट्या केकमध्ये ठमीने दोन्ही हात घातले आणि चक्का आजोबांच्या चष्म्याला लावला. म्हणाली, हम्मा. एवढा एक फोटो चांगला आलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी उठले तर स्वयंपाकघरात दिवा होता. ओट्यावर कालच्या खरकट्याचा ढीग, केकच्या पुठ्ठ्यावर अर्धं काळं तोंड उरलेलं. सून एका पातेल्यात कोमट पाणी घेऊन बसली होती आणि पाण्यात ती बाटली. थंडीने मध साखरेसारखा गोठला होता. बरेच जण असा मध भेसळीचा समजून टाकून देतात. चांगला मधही गोठतो, कोमट पाण्यात ठेवला की पुन्हा सैल होतो. ठमी तिच्या मांडीवर, टक्क जागी.

"काल माणसांत नको वाटलं," ती म्हणाली. "अंगठी आणा."

मी रुमालातून अंगठी आणली. ती बाटली फडक्याने पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "पावसाळ्यात एकदा तुम्ही बाटली उलटी ठेवली होतीत. चिठ्ठी भिंतीकडे."

माझ्या पोटात खड्डा पडला. "मग बोलली का नाहीस?"

"झाकणाचं सील बघितलं मी," ती म्हणाली. "फाटलं नव्हतं."

तिने सील फोडलं. मी अंगठी बोटात घातली, टोक मधात बुडवलं आणि ठमीच्या जिभेला लावलं. ती क्षणभर स्तब्ध. मग कपाळाला आठी, मग ओठ चाटले, आणि मग तिने माझं बोट अंगठीसकट तोंडात ओढून दात रोवले. मी काढायला गेले तर जोर आणखी वाढला.

"आई, सोडवून घ्या," सून हसत होती. "चार दात आहेत तिला. बोट जाईल तुमचं."